कंपनी गेली, केबल राहिली

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजचं माहितीपत्रक हातात पडलं की बहुतेक पालक आधी प्लेसमेंटचं पान उघडतात. तिथे कंपन्यांची बोधचिन्हं ओळीनं छापलेली असतात, आणि चार वर्षांची फी भरायची की नाही याचा निर्णय बरेचदा त्या ओळीवरच होतो. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या घराला ही काळजी असणं रास्तच आहे. पण संगणक नेटवर्किंगच्या क्षेत्रात कंपनीचं नाव हा सुरक्षिततेचा फार कच्चा पुरावा आहे. इथे शिकलेलं काम उद्या दुसऱ्या कंपनीत चालेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. थ्रीकॉम या एकेकाळच्या बलाढ्य अमेरिकन कंपनीचा इतिहास पाहिला की असं का म्हणतो ते कळेल.

२२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. एकाच केबलवर अनेक संगणक जोडायचे. दोघांनी एकाच वेळी संदेश पाठवला आणि टक्कर झाली, तर दोघांनीही थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, अशी ती कल्पना. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीनं ती प्रत्यक्षात उतरली आणि तिला इथरनेट हे नाव मिळालं. सुरुवातीची केबल बोटाएवढी जाड असे. नवा संगणक जोडायचा तर तिच्या आवरणाला भोक पाडून आतल्या तांब्याच्या तारेपर्यंत टोक पोचवावं लागे. १९७९ मध्ये मेटकाफ यांनी थ्रीकॉम काढली, आणि इथरनेट सगळ्यांसाठी खुलं असावं म्हणून मोठ्या कंपन्यांची मनं वळवली. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १९८० साली त्याचं मानक जाहीर केलं. त्याचा फायदा थ्रीकॉमलाही झाला. आयबीएम पीसीत बसणारं तिचं इथरलिंक कार्ड १९८२ मध्ये बाजारात आलं आणि १९८४ मध्ये कंपनीचे शेअर विक्रीला निघाले.

पण ज्या खुलेपणानं थ्रीकॉमला वर नेलं, त्यानंच तिचा नफाही पातळ केला. मानक सर्वांना ठाऊक असल्यामुळे कार्ड कोणीही बनवू शकत होतं. किमती घसरत गेल्या, आणि पुढे तर वेगळ्या कार्डाची गरजच उरली नाही. त्याचं काम मदरबोर्डवरची एक चिप करू लागली. १९९७ मध्ये थ्रीकॉमनं यूएस रोबोटिक्स ही मोडेम बनवणारी कंपनी ६.६ अब्ज डॉलरना घेतली. डायल-अप मोडेमचे दिवस तेव्हा भरत आले होते. त्या व्यवहारातून पाम हा खिशात मावणाऱ्या संगणकांचा विभागही तिच्याकडे आला. २ मार्च २००० रोजी पामचे शेअर बाजारात आले. दिवस संपताना पामची बाजारातली किंमत तिच्या मालकीण कंपनीपेक्षा जास्त झाली होती, आणि पामचे सुमारे ९५ टक्के शेअर त्या वेळी थ्रीकॉमकडेच होते. त्याच महिन्यात थ्रीकॉमनं मोठ्या कंपन्यांसाठीच्या राउटर-स्विचच्या बाजारातून अंग काढून घेतलं. पुढच्या वर्षभरात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. एप्रिल २०१० मध्ये एचपीनं उरलेली कंपनी २.७ अब्ज डॉलरना घेतली आणि थ्रीकॉम हे नाव मागे पडलं. २००० मधल्या त्या पडझडीच्या जेमतेम वर्षभर आधी, सॅन फ्रान्सिस्कोच्या भल्यामोठ्या स्टेडियमवर तिचं नाव झळकत असताना, तिथलं ऑफर लेटर आलं असतं तर कुठल्याही घरानं पेढे वाटले असते.

इथरनेटचं मात्र काय झालं ते पाहा. सेकंदाला १० मेगाबिटचं ते मानक आज डेटा सेंटरमध्ये ४०० गिगाबिटनं धावतं. त्या जाड केबलची जागा आधी पातळ तारांनी आणि मग काचेच्या तंतूंनी घेतली, तरी माहितीची चौकट, म्हणजे फ्रेम, ओळखीचीच राहिली. अशा वेळी एकाच कंपनीत शेजारी बसून काम केलेल्या दोघांचं नशीब वेगवेगळं निघतं. एकाला त्या कंपनीच्या स्विचचा मेनू पाठ असतो. दुसऱ्याला फ्रेम कुठे आणि का अडकते हे शोधता येतं. पहिल्याचं ज्ञान कंपनीबरोबर जुनं होतं, दुसऱ्याचं पुढच्या कंपनीत जसंच्या तसं कामी येतं. खुद्द मेटकाफ १९९० मध्येच थ्रीकॉममधून बाहेर पडले, कारण संचालक मंडळानं प्रमुखपदासाठी दुसऱ्याला निवडलं होतं. पुढे त्यांनी स्तंभलेखन केलं, टेक्सास विद्यापीठात शिकवलं, आणि इथरनेटसाठी त्यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तोवर कंपनी जाऊन बारा वर्षं झाली होती.

यावर पालक म्हणतील, हे सगळं ठीक, पण पहिली नोकरी मिळते ती प्रमाणपत्रावर आणि कंपनीच्या नावावर. हे खरंच आहे, आणि ते नाकारून कुणाचं भलं होणार नाही. सीसीएनएसारखी नेटवर्किंगची प्रमाणपत्र परीक्षा जरूर द्यावी. मुलाखतीचं दार तिच्यामुळे उघडतं. पण त्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याच्या अभ्यासक्रमात ऑटोमेशनही आलं आहे. म्हणजे प्रमाणपत्र देणारी कंपनीच सांगते आहे की पाठांतराला मुदत असते. प्रश्नसंच घोकून पास झालेल्या मुलाला सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची विभागणी, कागदावर करता येत नसेल, तर पहिल्याच तांत्रिक फेरीत ते उघडं पडतं. मोठ्या नावाची नोकरी मिळाली तर ती घ्यावी, आनंदानं घ्यावी. फक्त तिथे दोन वर्षं नुसती तक्रारींची तिकिटं पुढे ढकलण्यात गेली, तर ते नाव पुढच्या नोकरीत फारसं साथ देणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: क्लाउड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर नेटवर्क इंजिनीअर लागणार कशाला? एकेका उपकरणावर आज्ञा टाइप करत बसण्याची कामं कमी होतील, यात शंका नाही. त्या भरवशावर कोणी या क्षेत्रात येऊ नये. पण ४ ऑक्टोबर २०२१ चा दिवस आठवा. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. अशी आज्ञा रोखण्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, त्यानं ती जाऊ दिली. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप जगभर सुमारे सहा तास बंद राहिले. दूरवरून दुरुस्ती होईना, तेव्हा माणसांना डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. यंत्रं जितकी स्वतःहून चालतील, तितकी ती थांबल्यावर मूळ कुठे आहे हे जाणणाऱ्या माणसाची गरज वाढते. क्लाउड म्हणजे तरी कुठल्या तरी इमारतीतले संगणक आणि त्यांना जोडणाऱ्या केबलीच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या आंतरराष्ट्रीय केबल येऊन पोचतात, ऐरोली-महापे ते पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. ते काम महाराष्ट्रातल्या मुलांच्या घराजवळच आहे.

म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटच्या पानासोबत प्रयोगशाळाही पाहा. विद्यार्थ्यांना स्वतः केबल क्रिंप करायला मिळते का, जाळं मुद्दाम बिघडवून दुरुस्त करायला लावतात का, वायरशार्क हे सॉफ्टवेअर उघडून फ्रेम वाचायला शिकवतात का, हे शिक्षकांना थेट विचारा. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्क जोडण्याच्या सरावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. बारावीच्या सुट्टीतही त्यावर हात बसवता येईल. आणि मुलांनो, आज घरच्या संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एमटीयू नावाचा आकडा शोधा. बहुधा तो १५०० असेल. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती, ही मर्यादा १९८० च्या त्या मानकातली आहे.