सरासरी साठ, तरी गेम अडखळतो

प्रश्न : लॅपटॉपवर गेम खेळताना कोपऱ्यातला आकडा साठ फ्रेम दाखवतो, तरी चित्र मध्येच अडखळते. इंटरनेट बदलावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : इंटरनेटला बोल लावण्याआधी एक चाचणी करावी. तोच गेम ऑफलाइनही अडखळत असेल, तर दोष यंत्रात किंवा गेममध्ये आहे. नेटवर्क संथ असले की चित्र सहसा अडत नाही. प्रतिस्पर्धी मात्र इकडून एकदम तिकडे उडी मारतात आणि गोळी उशिरा लागते.

साठचा आकडा फसवा, कारण तो सरासरी आहे. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे प्रत्येकीला सुमारे 16.7 मिलिसेकंद. एखादीच फ्रेम 100 मिलिसेकंद रेंगाळली तर सरासरी फारशी हलत नाही, डोळ्याला मात्र झटका जाणवतो. म्हणून फ्रेम-टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पाहावा; एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर तो फुकट दाखवते.

झटका नव्या जागी एकदाच बसतो, परत गेल्यावर नाही? मग शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, ऐनवेळी कंपाइल (तयार) होत असावेत. डिसेंबर 2022 मध्ये आलेला ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ हा गेम संगणकावर याच दुखण्याने बदनाम झाला. गेम सुरुवातीलाच शेडर तयार करत असेल, तर ते काम पुरे होऊ द्यावे. कंटाळवाणे असते खरे! ड्रायव्हर बदलल्यावर ते बहुधा पुन्हा करावे लागते.

काही वेळ खेळल्यावरच घसरण होत असेल, तर संशय उष्णतेवर. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपकडून दुसरी अपेक्षा नको. पंख्यातली धूळ काढावी. उष्णतेखेरीज रॅमही तपासावी : एकच पट्टी असेल, तर मेमरीचा वेग वाढवायला जुळणारी दुसरी बसवावी. नव्या राउटरपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल.