एकच कॉम्प्युटर, दोन कामं : मुलाचा गेम आणि बाबांचे फोटो



दहावी-बारावीचे निकाल लागले की बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो : नवा कॉम्प्युटर. मनात गेम असतो, तोंडावर 'प्रोजेक्टसाठी लागतो' असतं. असू दे. गेमसाठी घेतलेला कॉम्प्युटर फोटोच्या कामालाही उत्तम चालू शकतो, फक्त भाग निवडताना डोकं जाग्यावर हवं.

आज आपण उदाहरणादाखल एक घर धरू. वडील लग्नकार्याचे फोटो काढतात, मुलगा अकरावीत आहे. दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर घ्यायचाय, मॉनिटरसकट एक लाखात. हे लाख रुपये म्हणजे एका लग्नसराईची शिल्लक. चुकीच्या ठिकाणी गेले तर पुढच्या सराईपर्यंत परत येणार नाहीत.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आणि दुसरा, "आय-फाइव्ह देऊ का आय-सेव्हन?" तुम्ही मात्र मनात तिसराच प्रश्न ठेवा : आपलं काम चालू असताना कोणता भाग बाकीच्यांना थांबवून ठेवतो?

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे आचारी, गुंतागुंतीचं काम एकामागून एक करणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. प्रत्येकाचं काम सोपं, पण दोनशे पानांवर एकदम वाढायचंय. रॅम म्हणजे आचाऱ्यासमोरचा ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीघर. आचारी कितीही नामांकित आणा, वाढपी दोनच असतील तर पंगत बसून राहणार. ओटा वीतभर असेल तर आचारी सारखा कोठीकडे पळणार. पैसे त्या त्या कामात जो कमी पडतो त्याच्यावर खर्च करायचे.

आधी मुलाचं गणित करू

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवं. १४४ हवी असतील तर जेमतेम ७ मिलिसेकंदांत. आता पडदा २५६० गुणिले १४४० चा घेतला तर ठिपके होतात ३६,८६,४००, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त. फोर-के घेतला तर ८२,९४,४००, बरोबर चौपट. (नववीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर घालून बघा. शेवटच्या बाकावरचा मुलगाही वही उघडतो.)

म्हणून माझं मत असं की यादीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. पडदा ठरला की कार्ड किती ताकदीचं लागेल ते आपोआप ठरतं. आपल्या घराला फोर-के नको. मुलाला हवेत १४४ हर्ट्झ आणि वडिलांना हवेत खरे रंग. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१ एमएस' लिहिलेलं असतं, ते मुलासाठी. वडिलांनी बारीक अक्षरांतलं वाचायचं : पॅनेल आयपीएस आहे का, आणि एसआरजीबी किती टक्के? शंभराच्या जवळ हवं. फोटो लॅबकडे साधारणपणे एसआरजीबीमधलीच फाइल जाते. पडदा तेवढे रंग दाखवतच नसेल तर नवरीच्या शालूचा लाल आपण अंदाजाने ठरवतो आणि अल्बम छापून आल्यावर वाद होतो. दोन्ही अटी पाळणारे मॉनिटर मिळतात, थोडं शोधावं लागतं. आणि एक : नवीन मॉनिटर कारखान्यातून भरपूर उजळ ठेवून येतो. त्याच उजेडात फोटो सुधारले की छापील प्रत काळवंडलेली येते. मॉनिटरमध्ये दोन सेटिंग करून ठेवा, एक बाबांचं, एक मुलाचं.

आता बाबांचं गणित

२४ मेगापिक्सेलचा एक फोटो कार्डावर पाच-दहा एमबीच दिसतो, कारण तो दाबून ठेवलेला असतो. फोटोशॉपमध्ये उघडला की तो उलगडतो. २४ दशलक्ष ठिपके, प्रत्येकाचे ३ रंग, १६ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २ बाइट. गुणाकार करा : १४४ एमबी. हा झाला एक लेअर. दहा लेअर झाले की १.४ जीबीच्या वर, शिवाय मागे जाता यावं म्हणून जुन्या पायऱ्याही साठवलेल्या असतात. बाजूला लाइटरूम उघडं, ब्राउझरमध्ये वीस टॅब. इथे ८ जीबी रॅम म्हणजे छळ आहे. १६ वर निभावतं, ३२ वर माणूस निवांत काम करतो. रॅमच्या किमती २०२५ च्या अखेरीस चांगल्याच भडकल्या, एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी वाढवली म्हणून. तरीही या घरासाठी ३२ च घ्या असं मी म्हणेन, आणि तेवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली आणावं लागलं तरी आणा. ज्या कामातून घर चालतं त्याचं आधी. आणि ३२ ची एक पट्टी न घेता १६-१६ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते.

एसएसडीच्या बाबतीत एक गंमत सांगतो. एका लग्नाचे १,५०० रॉ फोटो, प्रत्येकी २८ एमबी धरले तर ४२ जीबी होतात. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी लिहिते, साटा एसएसडी ५००-५५०, एनव्हीएमई साडेतीन हजार, त्याची पुढची पिढी सात हजारांपर्यंत. विक्रेता तुम्हाला सात हजारवालीच दाखवणार. पण फोटो येतात कुठून? मेमरी कार्डातून. नेहमीचं यूएचएस-१ कार्ड फार तर सेकंदाला शंभरेक एमबी देतं. म्हणजे सात मिनिटं तशीही लागणारच. आणि कार्ड रीडर जुना यूएसबी २.० चा असेल तर वेग ३५-४० वर अडकतो आणि त्याच कामाला अठरा-वीस मिनिटं जातात! तेव्हा साधी १ टीबीची एनव्हीएमई घ्या आणि वाचलेल्या पैशांतून चांगला यूएसबी ३ चा कार्ड रीडर घ्या.

नावाला भुलू नका

'आय-सेव्हन आहे साहेब' हे वाक्य अर्धंच असतं. कितव्या पिढीचा? २०१७ च्या आय-सेव्हन ७७०० मध्ये ४ कोअर, ८ थ्रेड आहेत. २०२२ च्या आय-थ्री १२१०० मध्येही ४ कोअर, ८ थ्रेडच आहेत, आणि तो त्या जुन्या आय-सेव्हनपेक्षा वेगवान आहे. कंपन्यांतून भंगारात निघालेले त्याहूनही जुने आय-सेव्हन नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये, रंगीत दिवे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे जुने प्रोसेसर नाहीत. कोणी आडमार्गाने विंडोज ११ चढवून देईलही. पण व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ते नसेल तर गेम उघडतच नाही. मग घरी रुसवा.

आपल्या घराला ६ कोअर, १२ थ्रेडचा अलीकडचा प्रोसेसर पुरे. रायझन ५ ७६०० किंवा आय-फाइव्ह १२४०० या जातीचा. फोटोशॉपची बरीच कामं मोजक्याच कोअरवर चालतात. लाइटरूममधून पाचशे फोटो एकदम बाहेर काढताना मात्र सगळे कोअर राबतात. तेवढ्यासाठी आय-नाइन घेणं म्हणजे महिन्यातून एकदा होणाऱ्या कामासाठी कायमचा आचारी ठेवणं.

इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. हजार-दोन हजार वाचतात म्हणून सगळे एफ सुचवतात. गेमपुरतं ते ठीकच आहे. पण कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर ते परत येईपर्यंत पडदा काळा. ऐन लग्नसराईत काय कराल? या घरासाठी एफ नको. रायझन ५ ७६०० मध्ये कामापुरतं ग्राफिक्स आत असतं, तेवढ्यावर अल्बमचं काम अडत नाही.

मदरबोर्डावर फार वेळ घालवत नाही. ७६०० ला एएम५ सॉकेटचा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. १२४०० चे बोर्ड डीडीआर४ चेही येतात, डीडीआर५ चेही. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. यादीत हे जुळतंय का तेवढं मुलाकडून तपासून घ्या.

बाप-लेकाचं एकमत कुठे होतं?

ग्राफिक्स कार्डावर, आणि याचं बऱ्याच फोटोग्राफरांना नवल वाटतं. पूर्वी फोटोच्या कामाला कार्ड फारसं लागत नसे. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आलं. मांडवातल्या कमी उजेडात काढलेले, रवाळ झालेले फोटो ते सुरेख साफ करतं, पण सगळा भार कार्डावर टाकतं. बऱ्या कार्डावर एका फोटोला काही सेकंद लागतात. नुसत्या आतल्या ग्राफिक्सवर काही मिनिटं. दोनशे फोटो असतील तर हिशेब तुम्हीच करा. म्हणजे कार्ड हा फक्त मुलाचा हट्ट राहत नाही.

इथला सापळा म्हणजे 'चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड'. जीटी ७३० हेही ४ जीबीचं मिळतं आणि जीटीएक्स १६५० हेही ४ जीबीचं. दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीबी म्हणजे वाढप्यांच्या हातातल्या भांड्यांचं माप, वाढपी किती आहेत ते त्यावरून कळत नाही. या घराने आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० च्या आसपासचं, निदान ८ जीबीचं कार्ड बघावं. लाखातला साधारण तिसरा हिस्सा इथे गेला तर चालेल. निम्मा जात असेल तर यादी पुन्हा करा.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही

तो भाग म्हणजे पॉवर सप्लाय, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो घेऊ नका. बेरीज करून बघा : ४०६० ला ११५ वॅट, प्रोसेसरवर लिहिलेले ६५ वॅट, जोरात असताना थोडे जास्त, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. तेव्हा ८५० वॅटचा आग्रह धरणाऱ्याचं ऐकू नका, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरतो. त्यावर '८० प्लस ब्राँझ' किंवा वरची खूण हवी आणि पाच वर्षांची वॉरंटी हवी. ही खूण वीज किती वाया जाते एवढंच सांगते. टिकाऊपणाचा भरवसा वॉरंटीवरून येतो.

तालुक्याच्या गावी वीज कशी येते-जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. यूपीएस लागणारच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. बहुतेक ६०० व्हीएचे यूपीएस ३६० वॅटच्या आसपास असतात. मॉनिटरही त्यावरच असतो, म्हणून हजार व्हीएचा बघा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्याला 'थोडा करंट मारतो' म्हणून सोडून देऊ नका, आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. विदर्भातल्या मे महिन्यात बंद काचेच्या पेटीत कार्ड भाजून निघतं.

लाखाच्या हिशेबात एक बाहेरची हार्ड डिस्क धरलीच पाहिजे. लोकांची लग्नं एकाच एसएसडीवर ठेवणं हा जुगार आहे. सप्तपदी पुन्हा घडवून फोटो काढता येत नाहीत.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस ही जुनी ठिकाणं आहेतच, पण ऑनलाइन भावही उघडून ठेवा. बिल जीएसटीचं, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. वॉरंटी प्रत्येक भागाची वेगळी असते. 'विंडोज, फोटोशॉप सगळं टाकून देतो' ही ऑफर हसून नाकारा. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर काय काय आत येतं ते सांगता येत नाही, आणि आपण मुलांसमोर उभे असतो. फोटोशॉप परवडत नसेल तर गिम्प आणि डार्कटेबल फुकट आहेत, कायदेशीर आहेत.

यादी मात्र मुलालाच करू द्या. एका रकान्यात भाग, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात 'का?'. तिसरा रकाना रिकामा असेल तो भाग खोडा.

कॉम्प्युटर घरी आला की तीन गोष्टी बघा. मॉनिटरची केबल मागे आडव्या खाचांत असलेल्या ग्राफिक्स कार्डाला लावलीय ना? वर मदरबोर्डाच्या खिडकीत लावली तर तिसरा हिस्सा पैसे नुसते बसून राहतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय ना? अनेकदा ते ६० वरच राहिलेलं असतं. आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, नाहीतर रॅम खोक्यावर लिहिलेल्या वेगाने न पळता कमी वेगावर चालत राहते.