ड्वार्फ सिक्लिड : आधी पाणी, मग मासा

दुकान किंवा कारखाना सांभाळून घरच्या घरी करता येईल असा लहान जोडधंदा अनेक वाचक शोधत असतात. रंगीत माशांची पैदास हा त्यांपैकीच एक. परंतु या धंद्यात उतरणारे पुष्कळजण पहिल्याच महिन्यात मासे मेले म्हणून काचपेटी माळ्यावर टाकून देतात. त्यांचे पैसे जातात आणि मुक्या जिवांचेही हाल होतात. म्हणून या पाठात आम्ही सिक्लिड कुळातील ठेंगण्या माशांची माहिती देत आहोत.

सिक्लिड हे नाव परके वाटले तरी हे कूळ आपल्या ओळखीचे आहे. बाजारातील तिलापिया, केरळचा करिमीन आणि काचपेटीतला एंजल हे सारे याच कुळातले. साधारणपणे चार इंचांच्या आत राहणाऱ्या जातींना ड्वार्फ, म्हणजे ठेंगणे सिक्लिड म्हणतात. त्यांपैकी तीन ध्यानात ठेवाव्यात. पहिला रॅम. हा व्हेनेझुएला व कोलंबियातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला असून १९४८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. दुसरा एपिस्टोग्रामा, दक्षिण अमेरिकेतला. तिसरा क्रिबेन्सिस, आफ्रिकेत नायजेरियाकडचा. तिघांत क्रिबेन्सिस सर्वांत काटक आहे. नवख्याने त्याच्यापासूनच सुरुवात करावी. रॅम दिसायला सुंदर, पण नाजूक असतो. त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअस इतके ऊबदार आणि स्वच्छ पाणी लागते. मुंबई-कोकणात वर्षातील बराच काळ हे तापमान सहज मिळते. पुणे-नाशिककडे थंडीत हीटर लावावाच लागतो.

आता मुख्य मुद्दा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच काचपेटीत काठोकाठ भरल्यास सुमारे ७० लिटर पाणी मावते. एका जोडीला ती पुरते. पण पेटी आज भरली आणि उद्या मासे सोडले, असे करू नये. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच सौम्य असते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात व वाळूत वस्ती करतात. ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे आणावेत. ज्याची पेटी जुनी व निरोगी आहे अशा परिचिताकडून वापरलेला स्पंज मिळाला, तर हा काळ पुष्कळ कमी होतो.

पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन हायपोने घालवावा. स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर जमलेली वस्ती मरते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते रॅमला मानवत नाही. देशी बदामाचे वाळलेले पान टाकल्यास पाणी किंचित आम्ल होते, मात्र त्याने जडपणा जात नाही. कारागीर बांधवांनी विशेष काळजी घ्यावी. तांबे-पितळेचा भुगा, रंग, थिनर यांचे काम चालते तेथे पेटी ठेवू नये. तांबे पाण्यात उतरले तर माशांना घातक ठरते.

रॅम सपाट दगडावर अंडी घालतो. एपिस्टोग्रामा आणि क्रिबेन्सिस यांना आडोसा लागतो. अर्धी करवंटी किंवा कुंभाराकडचे बिनचकाकीचे लहान मडके पुरेसे आहे. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आणखी काही दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. त्यांना कोरडी भुकटी पुरत नाही. मिठाच्या पाण्यात सुमारे एका दिवसात उबवलेला ताजा आर्टेमिया द्यावा. तरुण जोडी पहिली अंडी अनेकदा स्वतःच खाते. अशा वेळी निराश होऊन जोडी विकू नये.

एपिस्टोग्रामाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट थेट धंद्याशी निगडित आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पिल्ले २३, २६ आणि २९ अंशांवर वाढवण्यात आली. बहुतेक जातींत तापमान जितके जास्त, तितके नर अधिक निघाले. बाजारात मागणी जोडीला असते. घाणाभर नर निघाले तर हिशेब बिघडतो. म्हणून या जातीची पिल्ले मध्यम तापमानात वाढवावीत.

विक्रीविषयी दोन शब्द. पिल्लू विकण्याजोगे व्हायला तीन-चार महिने लागतात. तोवर खाद्य, वीज आणि जागा यांचा खर्च वहीत रोज लिहावा. गिऱ्हाईक पिल्ले होण्याआधी ठरवावे, नंतर नव्हे. खरेदी करतानाही सावध राहावे. लहान वयातच भडक रंगलेला रॅम कधी संप्रेरके देऊन रंगवलेला असतो. त्याचा रंग उतरतो आणि तो पैदाशीला बहुधा निकामी ठरतो. आपण विकताना माशाचे वय, तो कोणत्या पाण्यात वाढला आणि काय खातो, हे गिऱ्हाइकाला सांगावे. त्याच्याकडे मासा जगला, तरच ते परत आपल्याकडे येईल.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी या आठवड्यात फक्त पेटी, फिल्टर आणि वही घ्यावी. माशांचे पैसे दीड महिना बाजूला ठेवावेत. एवढा धीर ज्याला धरवतो, त्यानेच या धंद्यात पाऊल टाकावे.