वर्गातील खेळाचा कोपरा

कोकणात व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात शाळेचे मैदान चिखलाने भरलेले असते. विदर्भ-मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये ते उन्हाने तापते. मैदान बंद झाले की लहान मुलांचा खेळही बंद होतो आणि पहिली-दुसरीची मुले दिवसभर एका जागी बसून राहतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला असे बसणे शिक्षेसारखेच वाटते. म्हणून प्रत्येक शाळेत छपराखाली खेळाची एक जागा असणे अगत्याचे आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक वर्गास आवश्यकतेप्रमाणे खेळसाहित्य द्यावे, असे नमूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण मुख्यतः खेळातून व्हावे, असे म्हटले आहे.

खर्चाचा प्रश्न

यासाठी मोठा निधी हवा, हा समज बरोबर नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे रूप दिले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या आदिवासी भागात गेले, तेथेही हाच मार्ग उपयोगी पडला.

जागा व मांडणी

स्वतंत्र खोली नसल्यास वर्गाचा एक कोपरा अथवा पाऊस आत न येणारा व्हरांडा पुरेसा आहे. आठ-दहा मुलांसाठी सुमारे दहा फूट लांब व आठ फूट रुंद जागा असावी. कोपरा दाराच्या वाटेत नसावा. खाली सतरंजी अंथरावी व ओल येत असल्यास ती दररोज उचलून वाळवावी. फळी जमिनीपासून दोन फुटांहून उंच नसावी, कारण मुलास वस्तू स्वतः घेता व स्वतः ठेवता आली पाहिजे. प्रत्येक वस्तूची जागा ठरवून तेथे तिचे चित्र चिकटवावे. वाचता न येणारे मूलही मग वस्तू जागेवर ठेवते.

साहित्य

भातुकलीची बोळकी व परड्या, चिंध्यांच्या बाहुल्या, लाकडी ठोकळे, मातीची बैलजोडी, कवड्या, सागरगोटे ही सामग्री गावातच मिळते. फरशीवर वाघ-बकरीचा पट रंगवून ठेवावा. चिंचोके खरबरीत दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली की त्यांचेच फासे होतात. असे चार फासे टाकून किती पांढरे व किती काळे पडले हे पाहताना तीन आणि एक, दोन आणि दोन अशा चारच्या जोड्या मुलास पाठांतराविना समजतात.

साहित्य निवडताना सावधगिरी बाळगावी. गुंज व एरंडीच्या बिया विषारी असल्याने त्या मुळीच ठेवू नयेत. धारदार पत्रा व उघडी तार वर्ज्य करावी. बारीक बिया लहान मुले नाकाकानांत घालतात. त्या शिक्षकांच्या नजरेखालीच द्याव्यात.

वेळ व शिस्त

तीस मुलांच्या वर्गाचे तीन गट करावेत. प्रत्येक गटास दररोज वीस ते पंचवीस मिनिटे कोपऱ्यात बसू द्यावे. द्विशिक्षकी शाळेत एक इयत्ता खेळत असताना शिक्षकास दुसरीकडे लक्ष देता येते. नियम थोडके असावेत : वस्तू हवी ती घ्यावी, दुसऱ्याची ओढू नये, खेळ संपल्यावर जागेवर ठेवावी. अभ्यास न केल्याबद्दल खेळ बंद करण्याची शिक्षा मात्र कधीही देऊ नये. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासच या कोपऱ्याची गरज सर्वांत अधिक असते.

निरीक्षण

या कोपऱ्याचा खरा लाभ शिक्षकांस होतो. घरी वारली, कातकरी, पावरी वा गोंडी बोलणारे मूल वर्गात प्रश्नास उत्तर देत नाही, तेव्हा ते मंद आहे असा ग्रह सहज होतो. तेच मूल भातुकलीत पाहुण्यास जेवू घालताना अखंड बोलते. त्या वेळी शिक्षकांनी त्याची भाषा सुधारू नये. त्याचे शब्द टिपून घ्यावेत व दुसऱ्या दिवशीच्या पाठात त्यांचा उपयोग करावा. आपला शब्द फळ्यावर पाहिलेले मूल शाळेस आपली मानू लागते.

कुलूपबंद कपाट

कित्येक शाळांत चांगले साहित्य कपाटात नवेच्या नवे राहते. वस्तू मोडली तर तपासणीत जाब द्यावा लागेल, ही भीती त्यामागे असते. परंतु खेळणे वापरून झिजावे यातच त्याचे सार्थक आहे. मोडलेल्या वस्तूची साठा नोंदवहीत वेळेवर नोंद घ्यावी, ती दुरुस्त करावी. पण त्या भीतीने मुलांना वंचित ठेवू नये. तपासणी करणाऱ्यांनीही किती वस्तू मोडल्या यापेक्षा किती वापरल्या हे आधी विचारावे.

या महिन्यात करावयाची कामे

१. जागा ठरवून फळी बसवावी.
२. पालकांच्या साहाय्याने किमान दहा वस्तू जमवाव्यात.
३. वेळापत्रकात खेळाची वेळ लिहावी.
४. वर्गात न बोलणाऱ्या दोन मुलांचे खेळातील बोलणे आठवडाभर टिपावे व केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यावर चर्चा करावी.