कार्ल्सरूहला वळसा घालू नका

स्ट्रासबूर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचं पत्र आलं, ते फार मोठं नव्हतं. जर्मनीतले सगळे मार्ग आधी वापरलेले नाहीत, म्हणून तक्रार दाखल करून घेता येत नाही. निर्णय एका न्यायमूर्तींचा, अंतिम; अपील नाही. घटस्फोटानंतर मला लेकीला भेटू दिलं जात नाही, हा अन्याय आहे की नाही, यावर चकार शब्द नाही.

कौटुंबिक न्यायालयात आणि त्यावरच्या वरिष्ठ न्यायालयात हरल्यावर वकील म्हणाले होते, "कार्ल्सरूहचं घटनात्मक न्यायालय बहुतेक तक्रारी हातीच घेत नाही. थेट स्ट्रासबूर्गला जाऊ." त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. पण कार्ल्सरूहचा नकारसुद्धा कामाचा असतो. ग्योरग्युल्यू या तुर्की बापाची तक्रार तिथे अशीच नाकारली गेली होती. तो नकार घेऊन तो स्ट्रासबूर्गला गेला, आणि जर्मनीने त्याच्या कुटुंबजीवनाच्या हक्काचा भंग केल्याचा निकाल २००४मध्ये लागला. माझ्याजवळ तो कागदच नव्हता, आणि तोवर कार्ल्सरूहची एक महिन्याची मुदतही उलटली होती.

युरोपात राहणाऱ्या आपल्या माणसांनो, स्ट्रासबूर्गच्या न्यायालयात भारतीय पासपोर्टवरही जाता येतं. फी नाही, सुरुवातीला वकीलही लागत नाही. तक्रार मात्र युरोपीय मानवी हक्क कराराच्या ४६ सदस्य देशांपैकी एखाद्या सरकारविरुद्धच हवी. कंपनी किंवा पूर्वीचा जोडीदार यांच्याविरुद्ध चालत नाही. देशातल्या अंतिम निकालापासून मुदत चार महिन्यांची. २०२२च्या आधी ती सहा महिने होती आणि जुन्या माहितीत अजून सहाच सापडतात. कृपा करून त्यावर विसंबू नका. अर्ज न्यायालयाच्याच नमुन्यात, सही करून, पोस्टाने पाठवायचा. एखादा रकाना कोरा राहिला किंवा निकालाची प्रत जोडली नाही, तर अर्ज विचारातच घेत नाहीत आणि मुदतीचे दिवस मात्र उलटत राहतात. म्हणून दुरुस्तीला निदान महिनाभर हाताशी ठेवा. आणि त्या करारातलं कलम ८, म्हणजे कुटुंबजीवनाचा हक्क, पहिल्या न्यायालयापासून मांडा. देशात कधीच न काढलेला मुद्दा स्ट्रासबूर्गला पहिल्यांदा काढून चालत नाही.

माझ्यासाठी अजून एक वाट आहे: परिस्थिती बदलली की भेटीचा हुकूम कौटुंबिक न्यायालयात पुन्हा मागता येतो. लेक आता मोठी झाली आहे, तिचं म्हणणं न्यायाधीशांना ऐकावं लागेल. मी नवा अर्ज केला आहे. नव्या वकीलबाईंना पहिल्याच भेटीत सांगून ठेवलंय: इथे आणि वर हरलो, तर महिन्याच्या आत कार्ल्सरूह.