घरापासून गोठ्यापर्यंत : वायर जमिनीखालून नेताना

मैत्रिणींनो, गटांचे कर्जाचे आराखडे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. शेडला पत्रे किती, गाय कितीची, कडबाकुट्टी मशीन कितीचं, सगळा हिशोब असतो. पण त्या शेडपर्यंत वीज कशी जाणार याची एक ओळही नसते. मग मशीन दारात आलं की घरात पडलेली वायर कडुलिंबाच्या फांदीवरून गोठ्यात जाते. वाऱ्याने फांदीला घासते, उन्हाने तडकते आणि पावसाळ्यात कधीतरी पत्र्याला टेकते. ओल्या जमिनीवर उभं राहून त्या पत्र्याच्या शेडचा खांब धरणारी बाई बहुतेक वेळा आपणच असतो.

म्हणून वायर जमिनीखालून न्यावी, पण नीट. साधी वायर पाइपात घालून वीतभर मातीत पुरली तर ती लटकणाऱ्या वायरीपेक्षा वाईट. कुदळीच्या टोकाला ती लागते, घूस कुरतडते, आणि दिसत नसल्यामुळे कुणाला कळतही नाही. यासाठी आर्मर्ड केबल घ्यावी. तिच्या आतल्या तारांवर लोखंडी पट्टीचं किंवा तारांचं चिलखत असतं. घेताना आयएसआय खूण बघा.

चर किती खोल? भारतीय मानकाप्रमाणे घरगुती दाबाच्या केबलवर किमान ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट माती हवी. जिथून ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जाते तिथे १ मीटर, आणि केबल लोखंडी पाइपातून. तळाशी दगडगोटे वेचून तीन बोटं वाळू टाका, त्यावर केबल, परत वाळू, वर विटा आडव्या. जुन्या विटाही चालतात. पुढे कुणी खणलं तर कुदळ आधी विटेवर आपटेल, एवढंच त्यांचं काम. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे केबल ताणून न टाकता थोडी सैल, नागमोडी टाका. पाण्याची पाइपलाइन त्याच बाजूने असेल तर मध्ये फूटभर अंतर सोडा. मध्ये जोड नको. केबल अखंडच घ्या, दोन तुकडे स्वस्त मिळाले तरी नको.

चर खणणं, वाळू-विटा टाकणं, बुजवणं हे घरचे लोक किंवा गटातल्या ताई मिळून करू शकतात, आणि मजुरीचा मोठा भाग तिथेच वाचतो. दोन्ही टोकांची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनचीच. "आमच्या पोराला येतं" हे मी खूप ऐकते. त्याला बल्ब लावता येत असेल, पण हे काम वेगळं आहे.

केबलची जाडी दुकानदारावर सोडू नका. दोन एचपीची सिंगल फेज मोटर साधारण १० अँपिअर घेते. गोठा १०० मीटरवर असेल आणि ॲल्युमिनियमची ४ स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर वाटेतच जवळपास १५ व्होल्ट कमी होतात. १० स्क्वेअर एमएम घेतली तर ६ व्होल्ट. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा हा फरकही तेवढ्याच पटीने वाढतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी, त्यात ही घट. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही आणि जळते. म्हणून वायरमनला अंतर आणि मोटरचा एचपी दोन्ही सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "एमसीबी बसवलाय ना, मग काय भीती?" असं बऱ्याच जणी म्हणतात. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलीअँपिअरचा. हिशोब बघा. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा रोध २० ओहम सहज असू शकतो. मशीनच्या बॉडीत २३० व्होल्ट उतरले तर अर्थिंगमधून साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला हलणारही नाही, आणि बॉडीत करंट तसाच राहील. आरसीसीबी मात्र गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा आहे का ते बघतो, आणि फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो. तो घराच्या टोकाला बसवा, म्हणजे जमिनीतली केबलही त्याच्या नजरेत राहते. पैसे कमी पडत असतील तर शेडला रंग पुढच्या वर्षी द्या, पण हा आत्ताच घ्या. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. गटाच्या मासिक बैठकीच्या दिवशी वीज चालू असताना ते दाबा. खटका पडला नाही तर बदला.

गोठ्याला स्वतःचं अर्थिंग हवं. मशीनची बॉडी, लोखंडी खांब, पत्र्याचा सांगाडा, सगळं त्याला जोडलेलं हवं. न्यूट्रल आणि अर्थिंगची वायर गोठ्यात एकत्र बांधून देणारा वायरमन दिसला तर तिथेच थांबवा. जनावर ओल्या जमिनीवर चार पायांवर उभं असतं, माणसाला जाणवणारही नाही इतका करंट त्याला लागतो. गाय अचानक पान्हा चोरायला लागली, हौदाला तोंड लावेना, तर नजर काढण्याआधी, डॉक्टरांना दाखवतानाच, एकदा वायरिंगही तपासून घ्या. केबल जमिनीतून वर येते तिथे जनावराचं तोंड आणि शिंग पोचणार नाही इतक्या उंचीपर्यंत पाइप घाला.

शेडमध्ये पिठाची गिरणी किंवा मसाला मशीन टाकायचं असेल तर आपली जोडणी कोणत्या वापराची आहे ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. मंजूर वापर सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शेतीपंपाच्या जोडणीवरून गोठ्यात वीज घेणंही त्यातच येतं.

चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. घराच्या कोपऱ्यापासून केबल किती फुटांवर आहे, कुठे वळते, किती खोल आहे, हे कागदावर काढून कर्जाच्या फाइलला लावा आणि एक प्रत मीटरच्या पेटीत चिकटवा. पुढे कधी नळाची लाइन टाकायला किंवा झाड लावायला खड्डा घ्यायचा झाला, तर आधी तो कागद बघा आणि मेन स्विच बंद करूनच कुदळ मारा.