झोप येत नाही, आणि खोली एकच



कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आरोग्यावर बोलत होतो. झोपेचा विषय निघाला. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठावे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे, असे आम्ही सांगून टाकले. पुस्तकात तसेच लिहिलेले असते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी विचारले, "खोली एकच हाय. चौघं खाली, पोरगा माळ्यावर. मी उठून जाऊ कुठं, मोरीत?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढचे काही रविवार आम्ही याच प्रश्नावर बोललो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

मावशींची रात्र कशी जाते ते आधी ऐका. दहाला दिवा मालवला. साडेदहाला लाईट बिल आठवले. अकराला बचत गटाचा हप्ता. मग पोरगी उद्या क्लासवरून कोणत्या लोकलने येणार. मग जावेने लग्नात जे बोलून दाखवले ते. साडेबाराला घड्याळ पाहिले आणि नवी काळजी सुरू झाली: चारला पाणी सुटणार, आता झोपले तरी साडेतीनच तास मिळणार. यातले एकही संकट मोठे नाही. दिवसा यातल्या कोणत्याही गोष्टीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पण रात्री एक वाजता लाईट बिलाचे कुणी काहीच करू शकत नाही. हाताला काम नाही, बोलायला माणूस नाही, म्हणून ती छोटी गोष्ट डोक्यात नुसती फिरत राहते.

असे दोन-चार दिवस झाले तर त्याला आजार म्हणत नाहीत. परीक्षा, दुखणे, घरातले भांडण, अशा वेळी झोप जातेच आणि परतही येते. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ असेच चालले, दिवसा कामावर त्याचा परिणाम दिसू लागला, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. गंमत अशी की ज्या काळजीमुळे झोप गेली ती कधीच मिटलेली असते. बिल भरून होते. पण तोवर शरीराला एक सवय लागते: अंथरूण म्हणजे विचार करायची जागा. अंथरूण टाकले की डोके चालू. टीव्हीसमोर पेंगणारा माणूस आडवा झाला की टक्क जागा होतो, तो यामुळेच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली याच सवयीवर उपाय मांडला. अंथरूण आणि जागरण यांची जोडी तोडायची. झोप आल्याशिवाय आडवे व्हायचे नाही. झोप लागत नसेल तर उठायचे, डोळे जड झाले की परत यायचे, गरज पडली तर रात्रीतून चारदा. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचे. याला विचारांवर काम करणाऱ्या काही पद्धतींची जोड मिळून पुढे एक पूर्ण उपचार तयार झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे, हा असावा.

फक्त तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बेडरूम होती.

दहा बाय बाराच्या खोलीत

आपल्याकडे काय करता येते? उठून दुसऱ्या खोलीत जाणे महत्त्वाचे नाही. झोपायच्या जागेवरून हलणे महत्त्वाचे आहे. एका ताईंनी दाराजवळ पाट ठेवला. झोप आली नाही की त्या उठून पाटावर बसतात, भिंतीकडे तोंड करून. पाट म्हणजे जागे राहायची जागा, गोधडी म्हणजे झोपायची जागा. एका काकांनी अंथरुणाची दिशाच बदलली. दिवसभर ज्या गादीवर बसून ते हिशोब आणि फोन करत ती गुंडाळून ठेवली आणि रात्री दुसऱ्या कोपऱ्यात चटई-गोधडी टाकली. ज्यांच्या दारासमोर ओटा आहे आणि गल्ली सुरक्षित आहे, त्यांनी दहा मिनिटे ओट्यावर बसावे. बायामाणसांना मध्यरात्री दार उघडायला सांगणे आम्हाला पटत नाही. त्यांच्यासाठी पाटच बरा.

पाटावर बसून काय करायचे? दिवा लावायचा नाही, फोन घ्यायचा नाही, घड्याळ पाहायचे नाही. ज्यांना आनापान येते त्यांनी श्वासाकडे लक्ष द्यावे. पण "आता झोप आलीच पाहिजे" म्हणून श्वास मोजू नये. झोपेच्या मागे लागले की ती लांब जाते. ज्यांना ते येत नाही त्यांनी लसूण सोलावा, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. हसू नका, एका मावशींचा आठवड्याचा लसूण असाच सोलून झाला.

उठायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. रात्री कितीही वाजता झोपलात तरी सकाळी त्याच वेळी उठा, रविवारीसुद्धा. झोप दोन गोष्टींवर चालते. जितका वेळ जागे राहाल तितकी झोपेची भूक साठते, ही पहिली. दुसरे शरीराचे घड्याळ, जे उजेड आणि अंधारावर चालते. ते पेशींच्या आत कसे चालते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. काल झोपलो नाही म्हणून आज साडेआठलाच आडवे होणे, किंवा दुपारी दोन तास ताणून देणे, म्हणजे जेवणाआधी वडापाव खाण्यासारखे आहे. दुपारी झोपायचेच तर अर्ध्या तासाच्या आत, आणि तीनच्या आधी. चहाचेही तसेच. चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाचा कटिंग रात्री अकरालाही अर्धा पोटात असतो.

काळजीची वही

आता काळजीचे. काळजी करू नका, असे आम्ही सांगणार नाही. हप्ता भरायचा आहे तर काळजी वाटणारच. फक्त तिला संध्याकाळची वेळ द्या. सात-साडेसातला, कुकरची शिट्टी होईपर्यंत, मुलाची जुनी वही घेऊन बसा. डावीकडे काळजी लिहा. उजवीकडे पुढचे एकच छोटे पाऊल आणि दिवस.

"लाईट बिल १८४० रुपये." उजवीकडे: "सोमवारी कामावरून येताना वीज कार्यालयात हप्ते मिळतील का विचारणे." "पोरगी लोकलने उशिरा येते." उजवीकडे: "शेजारच्या मुलीची वेळ विचारणे, दोघींनी एकत्र यावे." "आपली चाळ तोडणार म्हणतात." यावर एकट्याने काही होत नाही. मग लिहा: "आज काही करायचे नाही. रविवारी बैठकीत विचारणे." जावेचे बोलणे हीसुद्धा काळजीच आहे, तीही लिहा. उजवी बाजू रिकामी राहिली तरी चालेल.

लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्या किंवा घरात मोठ्याने बोला. रात्री तीच गोष्ट डोक्यात आली की मनात म्हणायचे, हे वहीत आहे, उद्या सातला बघू. पहिले आठ दिवस मन ऐकत नाही. नंतर ऐकू लागते. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटे उद्याची कामे लिहायला लावली, बाकीच्यांना झालेली कामे. उद्याची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. नऊ मिनिटे म्हणजे फार नाही, पण त्याला खर्च शून्य आहे.

भगवान बुद्धांनाही झोपेबद्दल विचारले गेले होते. आळवीचा हत्थक थंडीच्या दिवसांत त्यांना पानांच्या अंथरुणावर बसलेले पाहतो. जमीन गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. झोप नीट लागली का, असे तो विचारतो. लागली, असे उत्तर येते. आणि माडीत मऊ गादीवर असूनही लोभ, द्वेष आणि मोह यांनी जळणाऱ्या श्रीमंताला ती कशी लागेल, असा उलट प्रश्नही. अंगुत्तर निकायात हा प्रसंग आहे. मात्र तो सांगून कुणी वस्तीतले डास आणि डीजे माफ करू नयेत. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. पत्र्यावर पांढरा रंग किंवा संध्याकाळी ओले गोणपाट टाकल्याने फरक पडतो. मच्छरदाणी हवीच. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरवर बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देते. हा नियम दाखवताना आपल्या जयंतीच्या मिरवणुकीलाही तो लागू आहे, हे आपणच आधी बोललेले बरे.

जयंतीवरून आठवले. अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपल्या मुलांना माहीत असतो. वर्षातून एक दिवस तो जरूर करावा. पण त्यातून घराघरांत असा समज रुजला आहे की कमी झोपतो तोच खरा कष्टाळू. दहावीची मुलगी दोनला झोपून पाचला उठते आणि आपण कौतुकाने शेजारी सांगतो. त्या वयात आठ तास तरी झोप लागते. दिवसा वाचलेले मेंदू झोपेतच पक्के करतो. आणि बाबासाहेबांचे सांगायचे तर घटनेच्या मसुद्याच्या काळात त्यांना झोप लागत नव्हती, मधुमेहामुळे पायांत कळा येत, ते इन्सुलिन घेत होते. त्यांनी त्याचे कौतुक करून घेतले नाही, मुंबईला येऊन उपचार घेतले. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या.

ही गोष्ट दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवा. प्रत्येक जागरण काळजीचे नसते. रात्रीत तीन-चारदा लघवीला उठावे लागते, तळपायाची आग होते, तर साखर तपासा. आडवे झाले की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, तर रक्त तपासा. अंगात लोह कमी असले की असे होते, आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आहे. नवरा मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो आणि दिवसा रिक्षा चालवताना पेंगतो, तर ती गाढ झोप नाही, आजार आहे. पाळी जाण्याच्या वयातली घामाघूम जाग, थायरॉइड, जुना खोकला, हेही तपासून घ्यावे.

गोळीबद्दल स्पष्टच बोलतो. "मेडिकलवाल्याकडून अर्धी गोळी आणली, छान झोप लागली," असे आम्ही दर बैठकीत ऐकतो. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या एच-१ या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि दुकानदाराला नोंद ठेवावी लागते. त्यांची सवय लागते, म्हातारी माणसे रात्री उठताना पडतात, आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. जे महिनोन् महिने घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून एकदम बंद करू नयेत, त्यानेही झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. झोपेसाठी क्वार्टर घेणाऱ्या दादांना एवढेच सांगतो, दारूने डोळा लागतो खरा, पण ती उतरू लागली की उत्तररात्री झोप मोडते.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास आहे, पहाटे तीनला जाग येऊन रडू येते, जगून काय उपयोग असे वाटते, तर वहीवर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे; दाखवून, औषध घेऊन लोक घरी येतात. "येड्यांचं हॉस्पिटल" म्हणून तिकडे जायला लाजणारे घरातल्या माणसाला वर्षभर बाबाकडे नेतात, हे आम्ही पाहिले आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, जे जवळ असेल तिथून सुरुवात करा. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: किती वाजता आडवे झालो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, चहा किती, गोळी कोणती. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, ही नोंद कामाला येते.

त्या मावशी पाच आठवड्यांनी पुन्हा भेटल्या. वही त्यांची नात लिहिते. पाट त्यांनी आणला नाही, पाण्याचा पिंप उपडा करून त्यावर बसतात. पण खरा फरक कशाने पडला हे आम्ही विचारले तेव्हा त्या वहीबद्दल बोलल्याच नाहीत. चारच्या पाण्याला आता सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलगा माळ्यावरून उतरतो. वहीत डावीकडे "पाणी" असे सलग सात दिवस लिहिलेले नातीने घरात वाचून दाखवले, तेव्हा तो उठायला लागला.